रोममधली येळवस

मार्गशीर्ष सरत आला की परभणीच्या मंडईत एकाच पाटीत सगळं दिसायला लागतं. ओल्या तुरीच्या शेंगा, वाल, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, कांद्याची पात आणि वर चार बोरं. "येळवसच्या भज्जीचं घ्या की बाई," असं या मिसळभाजीचं नाव घेत भाजीवाली म्हणते आणि घरात आम्ही दोघंच माणसं असताना मी दहा जणांचं घेऊन येते. हे पिशवीत डोकावून म्हणतात, "एवढं सोलणार कोण?" सोलणारी मीच असते. गॅलरीत उन्हाला पाठ करून बसायचं आणि शेंगा सोलायच्या. नखं काळी होतात, बोटांना हिरवा वास लागतो आणि मन भलतीकडेच निघून जातं. पूर्वी ते राणीसावरगावला, माझ्या सासरी जायचं. अलीकडे ते रोमला जातं. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सबंध जिल्ह्यात ती नाही. गंगाखेडच्या खाली, लातूरच्या अंगाला जी गावं आहेत, तिथं तिचा थाट. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. हुरड्यात आलेल्या ज्वारीच्या कडेला कडब्याच्या पाच पेंढ्या टेकवून छोटी कोप करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांच्यापुढे मातीच्या भांड्यात आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पातळ पेय, लसणाच्या वासाचं. घरातल्या कुणी तरी ती आंबील शिंपडत कोपीला फेरे घालायचे आणि मोठ्यानं "ओलगे, ओलगे" अशी आरोळी द्यायची. मागे लेकरं ओरडत पळतात. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण या आरोळीचा अर्थ मला सांगता येणार नाही. गावातही कुणाला येत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

हे वर्णन मी अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं केलं, पण खरं तर बरीच वर्षं ते माझं ऐकीवच होतं. माझी नोकरी जिंतूर तालुक्यात, बोरी गावाच्याही पुढे, एका तांड्यावरच्या शाळेत. तिकडे हा सण नाही, त्यामुळे सुट्टीही नाही. शाळा सुटल्यावर दोन एसट्या बदलून मी राणीसावरगावला पोचायचे तेव्हा लोक डोक्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन शेतातून परतत असायचे. माझा मुलगा अभय माझ्या जावेच्या कडेवर पेंगुळलेला असायचा. त्याच्या केसांना धुराचा आणि ताकाचा वास यायचा. मी हात पुढे केले की तो डोळे उघडून माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा तिच्या खांद्यावर मान टाकायचा.

ही माझी थोरली जाऊ. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, मीही म्हणते. तिच्या माहेरी शेती थोडी आणि मेंढ्या फार. लहानपण कळपामागं गेलं, शाळा दाराबाहेरूनच पाहिली. अभय दीड वर्षाचा असताना मला तांड्यावरची नेमणूक मिळाली. ह्यांची नोकरी बदलीची, कधी या गावी तर कधी त्या. लेकराला ठेवायचं कुठं, या विचारानं मी नेमणुकीचा कागद परत करायला निघाले होते. तेव्हा आक्का म्हणाली, "ठिव की माज्याजवळ. दोन पोरी हाईत, तिसरं लेकरू काय जड हाय व्हय?" अभय सात वर्षांचा होईपर्यंत तिच्याकडे राहिला. मी शनिवारी यायचे, रविवारी जायचे. रविवारी दुपारी तो झोपला की निघायचं, असं आमचं ठरलेलं होतं. जागेपणी निघायची हिंमत मला झाली नाही.

आमच्याकडे मोठ्या काकूला मोठीमाय म्हणतात. अभयनं त्यातलं "मोठी" कधी गाळलं ते कळलंच नाही. आक्का त्याची "माय" झाली. मला तो "आई" म्हणतो. आमच्या भागात जन्मदात्रीला माय म्हणायची रीत, आणि तो शब्द माझ्या लेकानं आधीच देऊन टाकला होता. माझ्या वाट्याला पुस्तकातला आला. मी मराठीची बाई, मला कुणाची चूक काढायची सोय नव्हती.

अभय पुढे इंजिनिअर झाला, मग जुन्या दगडी इमारती जपायचं शिक्षण घ्यायला रोमला गेला आणि तिथंच कामाला लागला. मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "नाताळात मला दहा दिवस सुट्टी आहे. ये. सगळं शहर दाखवतो." ह्यांना विमानाचं नाव काढलं की घाम फुटतो, म्हणजे मी एकटीच जाणार. दहा दिवस! शाळा नाही, शनिवारची एसटी नाही, झोपल्यावर चोरासारखं निघणं नाही. मी मनातल्या मनात उडीच मारली. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि मायलाही आण."

"हो, म्हणजे काय, आणणारच," असं मी म्हणाले. फोन ठेवला. ज्या बाईनं माझं लेकरू वाढवलं तिच्यावर मी चिडले होते. लाज वाटते, पण चिडले होते. मला त्या दहा दिवसांत माझा मुलगा हवा होता, सगळाच्या सगळा, वाटणी न करता.

आक्का तर यायलाच तयार नव्हती. त्या वर्षी येळवस नाताळानंतर चार-पाच दिवसांनी येत होती. "आन आंबील कोन लावंल? भज्जी कोन करंल? लगीन झाल्यापून एक येळवस चुकली न्हाई माजी." भाऊजींनी सांगून पाहिलं, पोरींनी सांगून पाहिलं. शेवटी अभयनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे, ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "येते म्हनावं. पर पीठ माजं मी घेऊन येनार." आणि खरंच, तिच्या बॅगेत स्वेटरच्या घडीत ज्वारीचं पीठ होतं, लसूण होता आणि भाऊजींच्या नकळत घेतलेली एक जुनी घोंगडी होती.

रोमचं आता काय सांगू? मला ते शहर ठिगळाठिगळानं आठवतं. ओले काळे दगड बसवलेले रस्ते, त्यावर आक्काच्या नव्या बुटांचा आवाज. भिंतींचा रंग आमच्याकडच्या गेरूसारखा, उन्हात उजळणारा. कोपऱ्याकोपऱ्यावर कारंजं आणि त्या कारंज्यात माणसं पाठ करून नाणी टाकताहेत. आक्कानं गंगाखेडच्या पुलावरून गोदावरीत टाकतात तसं कपाळाला लावून नाणं टाकलं आणि हात जोडले. तिला कुठलीच गोष्ट परकी वाटत नव्हती. मी मात्र निघण्याआधी दोन महिने वाचून, वहीत टिपणं काढून गेले होते. कुठल्या घुमटाचा कुठला काळ, कुठल्या कमानीची काय गोष्ट, सगळं पाठ. अभय काही सांगू लागला की मी पुढचं वाक्य म्हणायचे. तो हसून "बरोबर आई" म्हणायचा. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं, आणि तेवढंच.

आक्काला काही माहीत नव्हतं, म्हणून ती विचारायची. ते प्रसिद्ध गोल मैदान, अर्धं ढासळलेलं, मजल्यावर मजले कमानींचे. "हितं एवढी मानसं बसून काय बगायची?" तिनं विचारलं. अभय म्हणाला, "मानसं मरताना बगायची, माय." तिनं तोंडावर हात ठेवला. मग थोड्या वेळानं रांगेकडे बोट दाखवून म्हणाली, "आन आता ह्ये लोकं तिकीट काडून काय बगायलेत?" यावर अभय खो खो हसला. माझ्या वहीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी लक्षात आली. अभय माझ्याशी बोलायचा ते छान, स्वच्छ मराठी. "आई, इथे पायरी आहे, जपून." आणि लगेच वळून तिला म्हणायचा, "आगं माय, खाली बगून चाल की! पडलीस म्हंजे मला उचलाया लागंल." वीस वर्षं बाहेर राहिलेल्या पोराच्या तोंडात ती बोली जशीच्या तशी होती. माझ्यासाठी तो जपून बोलायचा, तिच्यासमोर नुसता बोलायचा. लहानपणी त्याचं "न्हाई" आणि "हाय" मीच तर दुरुस्त करायचे, शनिवारी-रविवारी, हातात असलेल्या दीड दिवसात.

त्या शहरात एक फार जुनं देऊळ आहे. आता ते चर्च आहे. त्याचा घुमट पाहून माणूस मान खाली घालायला विसरतो. घुमटाच्या मधोमध एक मोठं गोल भोक आहे, उघडं. आम्ही गेलो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि तो सरळ आत पडत होता. खालच्या फरशीला पाणी जायला बारीक छिद्रं आहेत. मी अभयला घुमटाचं माप सांगत होते. आक्का पाणी पडतं तिथं बांधलेल्या दोरीपर्यंत जाऊन वर बघत उभी राहिली आणि ओरडली, "आरं अभ्या, ह्ये तर आपलं साणं!"

गावच्या आमच्या मातीच्या माळवदाला उजेड यायला आणि धूर जायला असंच भोक होतं. त्याला साणं म्हणत. दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल खाली पडायचा आणि जमिनीवरून सरकत जायचा. अभय धावत तिच्याजवळ गेला. "माय, म्या पयल्यांदा हितं आलो ना, मला त्येच आठवलं. म्या त्या उन्हात निजायचो. ऊन सरकलं की म्या बी सरकायचो." आक्का म्हणाली, "चुलीपसवर यायचास सरकत सरकत. मंग मी उचलून परत मागं ठिवायचे." ते दोघं वर बघत हसत होते आणि त्यांच्या पुढ्यात पाऊस पडत होता. मला साणं आठवत होतं. त्याखाली सरकणारा अभय काही केल्या आठवेना.

मी जवळ गेले नाही. घुमटाचं माप तेवढं वहीत पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

मग ते संग्रहालय, टेकडीवरचं. अंगणात एका पुतळ्याचे नुसते अवयव मांडलेले, माणसाएवढं पाऊल, उंच उभा हात. आक्का त्या पावलाला हात लावणार होती, अभयनं धरून ठेवलं. संगमरवरी माणसांच्या रांगाच रांगा, कुणाला नाक नाही, कुणाला दंड नाही. "कुनी फोडली म्हनायची ही?" असं ती प्रत्येकासमोर विचारायची. एका दालनात काशाची लांडगी उभी आहे. अंगावरच्या फासळ्या दिसतात, कान टवकारलेले, आणि तिच्या पोटाखाली दोन माणसांची लेकरं तोंड वर करून दूध पिताहेत. त्या शहराची ती खूणच आहे.

आक्का दचकून मागे सरली. "लांडगा! ह्या मुडद्याचा पुतळा केलाय? माज्या बापाची सात कोकरं एका दिसात मारली हुती ह्यानं."

"लांडगी हाय माय. दूध पाजायलीय बग," अभय म्हणाला आणि त्यानं तिला गोष्ट सांगितली. दोन जुळी लेकरं नदीत सोडून दिली होती. ती वाहत काठाला लागली, लांडगीनं त्यांना पाजलं. पुढे एका मेंढपाळाला ती सापडली, त्यानं घरी नेली, त्याच्या बायकोनं वाढवली. मोठी झाल्यावर त्यांनीच हे शहर वसवलं.

मेंढपाळाची बायको हे ऐकून आक्काचा चेहरा खुलला. पण मग ती त्या लेकरांकडे वाकून बघू लागली. म्हणाली, "आन त्येंची आई?"

"तिचं गोष्टीत पुढं फारसं काय न्हाई."

"कामून न्हाई? लेकरं गेल्यावर तिचं काय झालं आसंल, त्ये कुनीच इचारलं न्हाई?"

अभय म्हणाला, "खरं हाय माय, कुनी इचारत न्हाई." मला ते कुठं लागायचं तिथं लागलं. वाटलं, ही मला ऐकवते आहे. लेकरू सोडून गेलेली आई ती मी, आणि वाढवणारी ती. तिच्या मनात तसं काही असेल असं आज वाटत नाही, पण त्या दिवशी मी पुढच्या तीन दालनांतून एकटीच पुढे चालत गेले. तिथं काय होतं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

येळवस उजाडली. आक्कानं दोन दिवस आधीच पीठ भिजवून ठेवलं होतं. सकाळी अभयच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात लसणाचा आणि आंबट ताकाचा असा वास सुटला की शेजारच्या बाईनं दार उघडून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पेला पेला आंबील प्यायली. उरलेली तिनं पाण्याच्या बाटलीत भरून घेतली. "कुटं रान दिसलं तर शिंपडीन," म्हणाली. रोमच्या मध्यात रान कुठून दिसणार? पण अभय "बरं" म्हणाला.

त्या दिवशी तो आम्हाला एका जुन्या चर्चमध्ये घेऊन गेला. बाहेरून साधं, आत गेलं की छतापर्यंत सोनं. तिथल्या एका कोनाड्यात एक चित्र आहे, अंधारात. खांबाजवळच्या पेटीत नाणं टाकलं की चित्रावर दिवा लागतो आणि थोड्या वेळानं आपोआप विझतो. आक्का मागे कुठं तरी रेंगाळली होती. अभयनं नाणं टाकलं. दिवा लागला, आणि त्या उजेडात तो मला सांगू लागला. चित्रकारानं अंधार आधी रंगवला आणि उजेड नंतर, असं काहीसं. मी या खेपेला पुढचं वाक्य म्हटलं नाही. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्याचं छान मराठी विसरून अडखळत, हाताचे हावभाव करत बोलत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. दिवा विझू नये असं मला फार वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओलगे! ओलगे!"

चर्चभर तो आवाज घुमला. दिवा विझला. अभय माझ्या खांद्यावरचा हात काढून धावला.

दुसऱ्या कोनाड्यात नाताळचा देखावा मांडलेला होता. गवतानं शाकारलेली खोप, आत मातीची माणसं आणि खोपीपुढे मेंढरं. आक्कानं माणसं मोजली असणार. आई, बाप, बाळ आणि दोन मेंढपाळ, बरोबर पाच. झालं. कोप, पाच जण आणि येळवसचा दिवस. तिनं बूट काढून बाजूला ठेवले, बाटली उघडली आणि मंडळींवर आंबील शिंपडायला सुरुवात केली. बाकांवरची माणसं वळून बघू लागली. कुणी तरी फोन बाहेर काढला.

मी काय केलं ते सांगते, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे. मी खांबामागे गेले. त्या बाईशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं विझलेल्या चित्राकडे बघत उभी राहिले. मला वाटलं होतं, अभय तिला ओढून बाहेर नेईल, रागावेल, आणि मग मी जाऊन समजूत काढीन. पण अभय तिच्या मागे जाऊन उभा राहिला. त्यानं तिला थांबवलं नाही. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, तोही म्हणाला, "ओलगे, ओलगे." लहानपणी कोपीमागे पळताना म्हणत असेल तसं. मग काळा कोट घातलेली तिथली एक म्हातारी तरातरा आली आणि तिच्या भाषेत जोरजोरात बोलू लागली. अभय तिला कळवळून काही तरी समजावत होता. म्हातारीनं एक फडकं आणून त्याच्या हातात दिलं. आक्कानं ते हिसकावून घेतलं.

"चुकलं बाई," ती त्या म्हातारीला मराठीतच म्हणाली. "मला आमचंच वाटलं." आणि गुडघ्यावर बसून मातीच्या मेंढरांच्या पाठी पुसू लागली, मानेकडून शेपटाकडे, एकेक उचलून, पोटाखालूनसुद्धा. म्हातारी बोलायची थांबली आणि बघत राहिली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी म्हणाले, "आक्का, सगळे लोक बघत होते."

"बगू दे की. आपून त्येंचं घर बगाया आलो, त्येनी आपल्याला बगितलं." तिनं रिकामी बाटली पिशवीत टाकली. अभय तिच्या बुटाची नाडी बांधत होता, खाली वाकून. त्यानं माझ्याकडे वर पाहिलं आणि पुन्हा नाडीकडे वळला. पुढे आम्ही आणखी कितीतरी पाहिलं, पूल, राजवाडे, छतावरची चित्रं. सगळं सुंदर होतं. मला त्या दिव्याची दोन मिनिटं परत हवी होती.

यंदाची येळवस गेल्या आठवड्यात झाली. सोललेल्या शेंगांची पिशवी घेऊन मी आदल्या दिवशीच राणीसावरगावला गेले. आता मला कुठल्या शाळेची घाई? सकाळी आक्काबरोबर भज्जी केली, बाजरीचे उंडे वळले, टोपलं डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि चार पावलांत तिच्या लेकीच्या हवाली केलं. ज्वारी छातीपर्यंत आली होती. भाऊजींचे गुडघे गेलेत, म्हणून आक्कानं आंबिलीचं भांडं माझ्या हातात दिलं. "यंदा तू घाल फेरे." मी फेरे घातले. आरोळी मात्र दिली नाही. पोरंच माझ्या वाटचं ओरडली.

जेवणं झाल्यावर सगळे इकडेतिकडे लवंडले. आम्ही दोघी बोरीच्या सावलीला बसलो. मी म्हणाले, "आक्का, त्या रोमच्या देवळात मी खांबामागं लपले होते."

"म्या बगितलं की."

"मग काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं त्येच्यात? लपलीस त्ये लपलीस." तिनं एक बोर पुसून माझ्या हातावर ठेवलं. मग ज्वारीकडे बघत म्हणाली, "म्या तर तुज्यापसून लय मोठं लपिवलंय, इमल."

मी तिच्याकडे वळले.

"तू रइवारी निगून जायचीस ना, अभ्या निजल्यावर. त्यो झोपंत हाका मारायचा. आई, आई. माय न्हाई, आई. रोजच्या दुपारी मारायचा. मंग म्या ओ द्यायचे. तुज्यावानी आवाज काडून. तवा गप व्हायचा."

"मला सांगायचं तरी, आक्का!"

"सांगितलं आसतं तर तू नोकरी सोडून आली आसतीस. एवडी शिकलेली तू. आन..." तिनं मातीतलं एक ढेकूळ फोडलं. "आन लेकरू घेऊन गेली आसतीस."

वाऱ्यानं ज्वारी सळसळत होती. तिकडे पोरं कोपीभोवती अजून धिंगाणा घालत होती. मी विचारलं, "किती दिवस असं?"

"दोन पावसाळे गेले. मंग एक दिस झोपंत माय म्हनला. मला बिलकूल ओ देता यीना. घरात कुनी नव्हतं, लय रडले बग."

"का गं? तुला तर बरं वाटायला हवं होतं."

"वाटलं की. लय बरं वाटलं. म्हनून तर रडले." तिनं पदर तोंडावरून फिरवला. "तू तिकडं दुसऱ्यांची लेकरं शिकवायलीस, आन तुज्या लेकराच्या तोंडातली शेवटची हाक म्या काडून घेतली. त्या लांडगीजवळ त्येच आठवलं मला. त्येंच्या आईचं."

मला रागवायचं होतं की तिच्या गळ्यात पडायचं होतं, मला कळेना. दोन वर्षं माझ्या लेकानं मला हाका मारल्या होत्या आणि मला वाटत होतं, तो मला विसरला. मी एवढंच म्हणाले, "तो आवाज काढून दाखव ना."

"कुटला?"

"माझा. तू ओ द्यायचीस तो."

तिनं आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. लाजली. मग डोळे मिटून, अगदी बारीक, जपून काढलेल्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "ओ बाळा. मी इथेच आहे."

आवाज माझ्यासारखा मुळीच नव्हता. पण "हितंच हाय" न म्हणता तिनं "इथेच आहे" असं माझ्या भाषेत म्हटलं होतं, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की त्या सगळ्या दुपारी मी त्याच्याजवळ होते.